अर्थ माहीत होता

कडकमावशींनी पहिला इंग्रजी शब्द वापरला तो स्वतःच्या नवऱ्यावर. सकाळी अंथरुणात लोळत पडलेल्या त्या भल्या माणसाचं पांघरूण ओढून त्या ओरडल्या, "गेट अप!" एरवी मराठीत कितीही हाका मारल्या तरी कूस बदलण्यापलीकडे त्याची मजल जात नसे. त्या दिवशी तो ताडकन उठून बसला आणि दाराकडे बघत म्हणाला, "अगं, कोण साहेब आलेत?" कोणी आलेलं नव्हतं. पण इंग्रजीने काम लवकर होतं, एवढं मावशींच्या लक्षात आलं.

'कडक' हे नाव त्यांना हॉटेलच्या लाँड्रीत पडलं होतं. ते हातच्या इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, यावर लाँड्रीत दोन तट होते आणि दोन्ही तटांकडे पुरावे भरपूर होते. हॉटेल मोठं होतं. वर गालिचे, फुलदाण्या, मंद आवाजातलं संगीत. खाली तळघरात लाँड्री, वाफ आणि घाम. वरच्या पाहुण्यांनी चुरगळलेल्या चादरी खाली यायच्या आणि कोऱ्या कागदासारख्या होऊन वर जायच्या. माणसं मात्र वर जायची नाहीत. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला वेगळा जिना होता.

एक दिवस हेड ऑफिसहून हुकूम आला की सगळ्या कामगारांना इंग्रजी बोलता आलं पाहिजे. मॅनेजरसाहेबांनी मग शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंना बोलावलं. सकाळची पाळी सुटली की कामगारांच्या कँटीनमध्ये टेबलं सरकवायची, भिंतीला फळा लावायचा आणि तास सुरू. मॅनेजरसाहेबांनी शिकवायची वाक्यंही स्वतःच ठरवून दिली होती. गुड मॉर्निंग सर. शुअर मॅडम. नो प्रॉब्लेम. सॉरी मॅडम. एव्हरीथिंग फाइन. बाईंनी ती सगळी पहिला चहा संपायच्या आत शिकवून टाकली. मग हात झटकत म्हणाल्या, "ही झाली दार उघडून धरायची वाक्यं. आता बोलायला शिकू या."

बाईंच्या मते इंग्रजीचा सगळा जीव लहान लहान शब्दांत होता. "हा 'पुट' बघा," त्या म्हणाल्या. "म्हणजे ठेवणं. पण शेजारी 'ऑन' आला की अंगात घालणं. 'ऑफ' आला की काम पुढे ढकलणं. आणि 'अप विथ' आला की सोसणं, निमूट सहन करणं."

"म्हणजे नवी सूनच म्हणा की," कडकमावशी म्हणाल्या. "ज्याच्या शेजारी उभी केली, त्याच्या मर्जीने वागायचं."

कँटीन हसून हसून लोटपोट झालं. बाईही हसल्या आणि त्यांनी फळ्यावर 'पुट अप विथ' जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.

बाईंचा एक नियम होता आणि त्याला सूट नव्हती. शब्द पाठ केला म्हणून आपला होत नाही. तो बाहेर नेऊन खऱ्या माणसावर, खऱ्या कामासाठी वापरायचा, आणि काय झालं ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं. मगच बाई फळ्यावर त्या शब्दापुढे नाव लिहायच्या. थापा मारणाऱ्याला बाकीचे तिथल्या तिथे उघडं पाडत. माळीबुवांनी 'कीप ऑफ' म्हणून एका पाहुण्याच्या कुत्र्याला हिरवळीवरून हाकललं. कुत्रा गेला, पाहुणा भडकला, पण नाव फळ्यावर चढलं. मावशींचं नाव तर भराभर चढत होतं. 'हरी अप' त्यांनी मुकादमावर वापरला, 'शट अप' शेजारणीच्या टीव्हीवर. टीव्हीवर वापरलेला चालेल का, यावर बराच वाद झाला. शेवटी टीव्हीसमोर शेजारीण बसली होती, या मुद्द्यावर तो मंजूर झाला.

एकच शब्द मावशींनी घेतला नाही. 'गिव्ह इन'. बाईंनी अर्थ सांगितला, मान तुकवणं, हार पत्करणं. मावशी ताबडतोब म्हणाल्या, "हा मला नको, बाई."

"अहो, वापरू नका. पण अर्थ तरी कळायला हवा ना?"

"अर्थ कळला म्हणूनच नको म्हणते."

इतरांनाही मग तो शब्द आधी घ्यायची लाज वाटली. बाई रोज फळा पुसून नवे शब्द लिहायच्या, पण 'गिव्ह इन' कोपऱ्यात तसाच ठेवायच्या, त्याच्यापुढे नाव नसलेला.

मावशींची लेक त्याच हॉटेलात वर, रिसेप्शनच्या काउंटरमागे उभी राहायची. शिकलेली, चुणचुणीत, इंग्रजी पाण्यासारखं. नोकरी अजून कच्ची होती, सहा महिन्यांनी पक्की व्हायची. नोकरी लागली तेव्हा घरी तिने चाचरत विचारलं होतं, "आई, हॉटेलात मी तुला सगळ्यांसारखं मावशीच म्हटलं तर चालेल का? म्हणजे उगाच कोणी काही बोलायला नको."

"चालेल की," मावशी म्हणाल्या होत्या. "सगळं हॉटेल मावशी म्हणतं, त्यात आणखी एक." हसत म्हणाल्या खऱ्या, पण ते त्यांना लागलं होतं. पोटच्या पोरीने मावशी म्हटलेलं कुठल्या आईला लागणार नाही? पोरीची नोकरी पक्की होईपर्यंत गिळू, असं म्हणून त्यांनी ते गिळलं. मॅनेजरसाहेबांना या नात्याचा पत्ताच नव्हता. तळघरातल्या माणसांची आडनावं लक्षात ठेवायची त्यांना गरज पडली नव्हती.

आता रोलरचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापासून झालं. चादरी वाळवून गुळगुळीत करणारं ते यंत्र. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची आणि तापलेल्या फिरत्या रोलरमध्ये सारायची. बोटं आत जाऊ नयेत म्हणून पुढे लोखंडी जाळी असते. इथली जाळी एका बाजूने तुटून लोंबत होती आणि सुतळीने बांधली होती. मुकादमाला सांगितलं की तो म्हणे, "साहेबांच्या कानावर घातलंय." साहेबांना सांगितलं की ते म्हणत, "नेक्स्ट मंथ." महिना उजाडायचा, मावळायचा, सुतळी बदलायची.

एक दिवस मावशींच्या जोडीला असलेल्या नव्या मुलीची बाही चादरीबरोबर आत ओढली गेली. तिला सगळे 'नवी' म्हणत, कामावर येऊन थोडेच दिवस झाले होते. मावशींनी एका हाताने तिची कंबर धरून मागे खेचलं, दुसऱ्याने बटण दाबलं. बाही फाटली, तीन बोटांची टोकं भाजली, हात वाचला. नवी जमिनीवर बसून रडत होती आणि मुकादम म्हणत होता, "बघून काम करायला नको का?" मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याच्या घशातच राहिलं.

त्या दिवशी तासाला मावशी नेहमीसारख्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, बरोबर आहे का सांगा. साहेब पुट ऑफ करतात, आणि आम्ही पुट अप विथ करतो."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "पण नाव लिहायचं तर वापरायला हवा. खऱ्या माणसावर." हे त्या मुद्दाम म्हणाल्या की सवयीने, ते त्यांनाच ठाऊक.

पुढच्याच आठवड्यात हेड ऑफिसच्या मोठ्या मॅडम हॉटेल बघायला आल्या. त्यांना फक्त इंग्रजी येत होतं. आपल्या मॅनेजरसाहेबांना मराठी चांगलं येत होतं, पण मॅडम आल्यापासून ते शिंकतसुद्धा इंग्रजीतच होते. आदल्या दिवशी त्यांनी लाँड्रीत येऊन बजावलं, "मॅडम विचारतील, एव्हरीथिंग ऑल राइट? तुम्ही म्हणायचं, एव्हरीथिंग फाइन, मॅडम. बास." मग त्यांचं लक्ष सुतळीकडे गेलं. "हे काय दिसतंय? झाका ते."

मुकादमाने तुटक्या जाळीवर एक पांढरीशुभ्र चादर टाकली. खाली रोलर फिरतोय, तापलाय, जाळी लोंबतेय, आणि वरून इस्त्रीची चादर. ती चादर मावशींच्याच हातची होती. त्यांचं डोकं तिथेच फिरलं, पण त्या गप्प राहिल्या. कडक माणूस गप्प राहिला की समजावं, इस्त्री अजून तापतेय.

मॅडम आल्या. साहेबांनी हात पसरून लाँड्री दाखवली आणि मोठ्या कौतुकाने मावशींकडे बोट केलं. यांना आम्ही इंग्रजी शिकवतो, विचारून बघा. मॅडम गोड हसून म्हणाल्या, "एव्हरीथिंग ऑल राइट?"

"नो, मॅडम," मावशी म्हणाल्या.

साहेबांचा हात पसरलेलाच राहिला.

मावशींनी पुढे होऊन ती चादर ओढून काढली. लोंबती जाळी, सुतळी, सगळं उघडं पडलं. "साहेब पुट ऑफ. एव्हरी मंथ, पुट ऑफ. वुई पुट अप विथ." त्यांनी नवीचा पट्टी बांधलेला हात धरून वर केला. "नाऊ नो पुट अप." आणि लाल बटणावर हात मारून त्यांनी यंत्र बंद केलं. "शट डाउन."

रोलर कुरकुरत थांबला. लाँड्रीत पहिल्यांदाच भरदिवसा एवढी शांतता झाली. मावशींची मान ताठ होती.

आणि मग साहेब हसले. मोठ्याने, लाडाने हसले. "शी इज लर्निंग, मॅडम. शी डझन्ट नो द मीनिंग."

मॅडमही हसल्या. "हाऊ स्वीट," म्हणाल्या आणि पुढच्या खोलीकडे वळल्या.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मावशींना चाललं असतं. कामावरून काढलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण जन्मात पहिल्यांदा साहेबाच्या भाषेत साहेबासमोर खरं बोलावं, आणि लोकांनी बोबडं बोलणाऱ्या पोराकडे बघून हसावं तसं हसावं? मावशींना रडू आलं नाही. संताप आला. साहेब आणि मॅडम गेल्यावर मुकादमाने यंत्र पुन्हा सुरू केलं, तेव्हा त्यांनी नवीला बाजूला घेतलं, साधी इस्त्री तापवली आणि चादरी हातानेच करायला घेतल्या. "त्याच्यापुढे तू उभा राहा," त्या मुकादमाला म्हणाल्या. तो उभा राहिला नाही.

संध्याकाळी साहेबांनी निरोप पाठवला. उद्या सकाळी मॅडम निघतील. मावशींनी लॉबीत यायचं आणि त्यांच्यासमोर एक वाक्य म्हणायचं. 'सॉरी मॅडम, आय डोन्ट नो द मीनिंग.' म्हणजे माफ करा, मला अर्थ माहीत नव्हता. म्हटलं तर नोकरी राहील, नाही तर परवापासून यायचं कारण नाही. वाक्य घोटून घ्यायचं काम साहेबांनी रिसेप्शनच्या हुशार मुलीवर सोपवलं. "तुझे उच्चार चांगले आहेत," ते तिला म्हणाले. "जरा शिकव त्या मावशीला."

ती हुशार मुलगी घरी आली तेव्हा मावशी भाजी चिरत होत्या. तिने पिशवीही खाली ठेवली नाही. "आई, हा काय उद्योग करून बसलीस?"

"बसले कुठे, उभीच होते."

"मस्करी नको. एक वाक्य आहे, म्हणून टाक. मॅडम जातील, विषय संपेल. असं म्हटलं म्हणून तुला खरंच काही कळत नाही असं थोडंच होतं?"

"मग जे कळतं ते कळत नाही असं का म्हणू?"

"पोटासाठी माणूस काय काय म्हणतं, आई."

मावशींनी विळी बाजूला सारली. "म्हणतं ना. मी नाही म्हटलं? 'आम्हाला काय कळतंय साहेब.' मुकादमाला म्हटलं, घरमालकाला म्हटलं, तुझ्या शाळेच्या हेडमास्तरला म्हटलं. सगळं कळत होतं, तरी म्हटलं. मराठीत जन्मभर म्हणून झालं. आता इंग्रजीतही तेच म्हणायला शिकू? मग शिकले कशाला?"

"आणि माझं काय? माझी नोकरी पक्की व्हायची आहे."

"तुझं काय जातंय? तू तर मला मावशी म्हणतेस."

हे त्यांच्या तोंडून निसटलं. निसटल्यावर परत घेता आलं नाही. लेक पिशवी घेऊन तशीच आत गेली. नवरा कोपऱ्यातून म्हणाला, "जेवून घ्या दोघी. भांडायचं तर भरल्या पोटी भांडा." कोणी हसलं नाही. रात्री जेवताना लेकीने एकदाच तोंड उघडलं. पाणी हवं का, एवढंच विचारलं.

सकाळी मावशी लॉबीत आल्या. इतक्या वर्षांत त्या पुढच्या बाजूने कधी आत आल्या नव्हत्या. गालिचा पायाखाली मऊ लागला आणि त्यांना उगाच चपला काढाव्याशा वाटल्या. नाही काढल्या. काउंटरमागे लेक उभी होती, केस चापूनचोपून बांधलेली, नजर खाली. दाराबाहेर गाडी लागली होती.

"मॅडम, वन मिनिट," साहेब लगबगीने म्हणाले आणि मावशींकडे वळले. डोळ्यांनी म्हणाले, हं, म्हणा.

"सॉरी, मॅडम," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला.

"आय नो द मीनिंग."

साहेब पुन्हा हसले, पण हसू या वेळी नीट जुळलं नाही. "डोन्ट नो, डोन्ट नो. शी इज नर्व्हस." मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. साहेबांनी काउंटरकडे बघून चुटकी वाजवली. "तू सांग मॅडमना, हिला काय म्हणायचंय ते."

लेकीने मान वर केली. आधी तिने साहेबांकडे पाहिलं, मग आईकडे. मावशींनी डोळ्यांनीच तिला खुणावलं, राहू दे गं, तुझी नोकरी आहे, तू म्हण त्यांच्या मनासारखं. स्वतःसाठी हट्ट धरणं वेगळं आणि पोरीला त्यात ओढणं वेगळं.

लेक काउंटरमागून बाहेर आली. तशी यायची परवानगी नव्हती. गालिच्यावरून चालत येऊन ती मावशींच्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लावून.

"शी इज माय मदर," ती म्हणाली. "अँड शी नोज द मीनिंग."

पुढे ती बरंच बोलली, भरभर, स्वच्छ. त्यातले कितीतरी शब्द मावशींना समजले नाहीत. पण लहान लहान शब्द ओळखीचे होते. पुट ऑफ आला. पुट अप विथ आला. नवीच्या बोटांचं आलं, चादर कोणी आणि का टाकली तेही आलं. मॅडमच्या चेहऱ्यावरचं 'हाऊ स्वीट' हळूहळू उतरत गेलं. शेवटी त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली आणि साहेबांना दोनच शब्द म्हणाल्या, "शो मी."

साहेब पुढे, मॅडम मागे, मागच्या जिन्याने सगळे तळघरात उतरले. जाळीवर सकाळीच पुन्हा चादर टाकलेली होती. या वेळी ती मॅडमनी स्वतः उचलली.

नवी जाळी तीन दिवसांत बसली. इतके महिने जे 'नेक्स्ट मंथ' होतं, ते तीन दिवसांत झालं, यावर लाँड्रीतल्या बायका पुढे कितीतरी दिवस कडवट हसल्या. बाकी सगळं गोडच झालं असं कोणी समजू नये. साहेब साहेबच राहिले. मावशींची नोकरी टिकली, पण त्यांना रोलरवरून काढून मळके टॉवेल निवडायला बसवलं. लेकीची कच्ची नोकरी आणखी सहा महिने कच्ची ठेवली. आणि इंग्रजीचा तास बंद झाला. कँटीनमधून फळासुद्धा काढून नेला.

पण तास बंद करणं साहेबांच्या हातात होतं, शिकणं नव्हतं. पाळी सुटल्यावर सगळे बाईंच्या घरी जमले. खोली लहान, माणसं भरपूर, माळीबुवा उंबऱ्यावर. बाईंनी कपाटाच्या दारालाच फळा केलं होतं. त्यांनी मावशींचं नाव 'पुट अप विथ'पुढे लिहिलं, 'शट डाउन'पुढे लिहिलं आणि विचारलं, "आणखी कोणी काही वापरलं?"

मावशी म्हणाल्या, "'स्टँड अप फॉर' लिहा. पाठीशी उभं राहणं. हिने वापरला. माझ्यादेखत."

दाराशी उभी असलेली लेक लाजली. "तो शब्द मला शाळेपासून येतो, बाई."

"येत असेल," बाई म्हणाल्या. "याआधी वापरलात कधी?" बाईंनी खडू उचलला. "नाव काय लिहू?"

"कडकची लेक," लेक म्हणाली. आईकडे न बघता म्हणाली, पण खणखणीत म्हणाली. मावशींनी पदराने डोळे पुसले आणि खोलीत फार गरम होतंय, असं कोणी न विचारता सांगून टाकलं.

मग बाईंनी सवयीने खडू कोपऱ्यात नेला आणि तिथे 'गिव्ह इन' लिहिलं. "आणि हा? हा कोणी वापरला?"

नवीने आपली बरी झालेली बोटं मांडीखाली दाबली. माळीबुवांनी छताकडे पाहिलं. कोणाचाच हात वर झाला नाही.

"राहू द्या तसाच, बाई," कडकमावशी म्हणाल्या. "अर्थ माहीत आहे सगळ्यांना."